तीन वर्षांच्या प्रकल्पातले उरलेले अठरा महिने

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या मुलीला रेणुका म्हणू. नाव बदललंय, आणि ज्या विद्यापीठात आणि संस्थेत तिनं काम केलं त्यांची नावं घेतलेली नाहीत. लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं. एका ठिकाणची रक्कम तिनंच दुरुस्त करून दिली.

माझा संबंध असा. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात एकतीस वर्षं काढली. नेमणुकीचे आदेश, सेवापुस्तकं, वेतननिश्चिती हेच आयुष्यभर. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीची पोरं रविवारी सकाळी घरी येऊ लागली, कुणी पेपरातलं कात्रण घेऊन, कुणी मोबाईलवरचं पीडीएफ घेऊन. "काका, एवढी जाहिरात वाचून सांगा." रेणुकाचे मामा आमच्याच कॉलेजात शिपाई होते, त्यांनी तिला आणलं.

घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. आई घरी बिड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि थोडं कानडी. रेणुका एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, २०२१ ची. खानदानात एवढं शिकलेली पहिलीच.

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १ ऑगस्ट २००४ रोजी, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला मुलाला कोल्हापूरची एसटी धरावी लागे. पुढच्याच वर्षी केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. पुणे रस्त्यानं जाताना हे सगळं खिडकीतून दिसतं. पण आत माणसं कुठल्या कुठल्या प्रकारानं कामाला असतात, हे बाहेरून दिसत नाही. पूर्व भागात एकच शब्द चालतो: "लागली." विद्यापीठात लागली, कॉलेजात लागली. कशाला लागली हे कुणी विचारत नाही.

तसं पाहिलं तर चार प्रकार. मंजूर पद, ज्याला वेतनश्रेणी आणि सेवापुस्तक असतं. तासिका तत्त्व, जितके तास तितके पैसे. प्रकल्पातलं पद, म्हणजे प्राध्यापकाला बाहेरून मिळालेल्या संशोधन निधीतून, निधी असेपर्यंत. आणि एजन्सीमार्फत, म्हणजे काम संस्थेचं पण मालक ठेकेदार. चौघं एकाच प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून शेजारी शेजारी उभे असतात, म्हणून फसगत होते.

अडचण

ऑगस्ट २०२२ मध्ये रेणुका माझ्याकडे आली तेव्हा तासिका तत्त्वावर एक वर्ष झालं होतं. काम आवडत होतं. पैसे मात्र बिल मंजूर झाल्यावर तीन-चार महिन्यांचे एकदम येत, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. धाकटा भाऊ आयटीआयला. वडिलांचा खांदा धरलेला, माग चालवणं होईना.

तिनं तीन कागद समोर ठेवले आणि म्हणाली, "मामा म्हणतात कशातही लाग, पण पर्मनंट होईल असं बघ. यातलं कुठलं होईल?"

एकही होणार नव्हतं. हे मी तिला तेव्हाच सांगितलं, एवढं श्रेय घेतो. बाकी श्रेय पुढे काढून घ्यावं लागेल.

समोरचे पर्याय

तासिका तत्त्व चालू ठेवून सेटचा, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास करायचा, हा पहिला. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं. मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना त्यात लाइफ सायन्सेस हा विषय घ्यावा लागतो, आणि निम्मा अभ्यासक्रम कधी न शिकलेल्या वनस्पतिशास्त्राचा आणि प्राणिशास्त्राचा निघतो. रिकामा वेळ भरपूर मिळाला असता, पण घर चाललं नसतं.

चिंचोळी एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणीची जागा होती. सोळा हजार, तीन पाळ्या. आईनं रात्रपाळी ऐकूनच नको म्हटलं. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला सारला, आणि ते चुकलं असं मला आता वाटतं. निदान दिवसपाळी मिळेल का, कंपनीची गाडी आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं.

मामांचा आवडता पर्याय: थांबायचं आणि प्रयोगशाळा सहायकाच्या मंजूर पदाची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करायचा. मामांनी आयुष्य मंजूर पदावर काढलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण पद रिकामं असणं आणि ते भरायला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. शासनाची मान्यता, बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणाच्या क्रमाची, तपासणी, मग जाहिरात. या रांगेत मी स्वतः फायली घेऊन फिरलोय. एका पदाला किती वर्षं जातात ते मामांनाही माहीत होतं, फक्त भाचीसमोर बोलायचं नव्हतं.

चौथी होती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विद्यापीठाची जाहिरात. केंद्राच्या निधीवरच्या प्रकल्पात 'प्रोजेक्ट असोसिएट-१', एक जागा, थेट मुलाखत, येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही. विषय डाळिंबाच्या सालीतल्या द्रव्यांचा तेल्या रोगाच्या जिवाणूवर काय परिणाम होतो हा. नमुने सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले.

पैशाचं गणित इथे नीट मांडतो, कारण अशा जाहिरातीत ते अर्धंच छापलेलं असतं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये प्रकल्पातल्या पदांचे दर ठरवून दिले. त्यात या पदाला दोन दर होते: नेट किंवा गेटसारखी राष्ट्रीय परीक्षा पास असेल तर ३१,०००, नसेल तर २५,०००. वर घरभाडं भत्ता, शहराच्या वर्गाप्रमाणे. तिथे तेव्हा १८ टक्के, म्हणजे ४,५००. रेणुकाच्या हातात एकूण २९,५००. गेट दिली असती आणि निघाली असती तर त्याच कामाचे, भत्ता धरून, सात हजारांवर जास्त मिळाले असते. नेट लेक्चररशिपपुरती असली तरी वरचा दर लागतो. सेटचा त्या यादीत उल्लेख नाही. एम.एस्सी.च्या वर्गात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या मास्तरांनीही कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

पाचवा पर्याय कागदावर नव्हता: पूर्णवेळ पीएच.डी. आणि अधिछात्रवृत्ती. रेणुकाचा प्रवर्ग विशेष मागास, त्यामुळे महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या योजनेत तिला अर्ज करता आला असता, पण त्यासाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी हवी. ती नव्हती. आम्ही असं ठरवलं की प्रकल्पात शिरलं की तिथल्याच सरांकडे नोंदणी होईल आणि मग सगळं जुळेल. हे 'मग' आम्ही गृहीत धरलं.

पहिला निर्णय

मुलाखतीला पाच जण होते. ग्रॅम स्टेनिंग विचारलं, कॉखचे नियम विचारले, आणि शेतकऱ्याशी बोलता येईल का ते विचारलं. शेवटच्या प्रश्नावर तिची निवड झाली असावी. बाकी चौघं बाहेरचे, तिला सांगोल्याचे रस्ते ठाऊक होते.

१९ सप्टेंबर २०२२ रोजी ती रुजू झाली. आदेशाचा फोटो तिनं मला पाठवला. मी वाचला. पद पूर्णतः तात्पुरतं, नेमणूक सहा महिन्यांसाठी, काम समाधानकारक असल्यास मुदतवाढ, 'अथवा प्रकल्प समाप्ती, यापैकी जे आधी घडेल तोपर्यंत'. भविष्य निर्वाह निधी नाही. एक महिन्याची सूचना देऊन कोणालाही नेमणूक संपवता येईल. अशा वाक्यांचे आदेश मी शेकड्यानं टाइप केलेत. "ठीक आहे," असं उत्तर पाठवलं.

त्याच कागदावर वर, डाव्या बाजूला, 'संदर्भ' या शब्दापुढे प्रकल्पाच्या मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख होती. मार्च २०२१. तीन वर्षांचा प्रकल्प मार्च २०२१ ला सुरू झाला म्हणजे मार्च २०२४ ला संपणार. रेणुकाच्या आधी एक मुलगा त्या जागेवर होता आणि तो सोडून गेला होता. जाहिरातीत लिहिलेली 'कालावधी तीन वर्षे' ही प्रकल्पाची मुदत होती, तिच्या नोकरीची नव्हती. तिच्या वाट्याला अठरा महिने उरले होते.

संदर्भ वाचल्याशिवाय मजकूर वाचू नये हे मी माझ्या हाताखालच्या कनिष्ठ लिपिकांना शिकवत आलो. आणि स्वतः मोबाईलवर फोटो मोठा करून फक्त पगाराचा परिच्छेद वाचला.

पहिले सहा महिने

या काळाबद्दल तक्रारीसारखं काही नाही. महिन्यातून एकदा चार-पाच दिवस ती सोलापूरला येई, घरून सकाळच्या एसटीनं सांगोल्याला जाई, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन. तेल्याचे डाग असलेली पानं आणि फळं पिशव्यांत भरायची, बागेचं नाव, बहार, शेवटची फवारणी कधीची हे लिहायचं. पावसाळी हवेत रोग वाढतो म्हणून मृग बहाराच्या बागा तिच्या कामाच्या, आणि तेव्हाच शेतकऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं. सांगोल्याकडच्या बागा आधीच खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीनं उपटल्या जात होत्या. एका शेतकऱ्यानं तिला सुनावलं, "पानं न्या, फळं न्या, उत्तर कधी आणणार?" ते वाक्य तिनं नोंदवहीत लिहून ठेवलंय.

प्रयोगशाळेत तिला एक गोष्ट आयती मिळाली. सालीच्या अर्कातली द्रव्यं मोजायला एचपीएलसी यंत्र लागे. ते चालवणारे तंत्र सहायक दीर्घ रजेवर गेले. प्रकल्पाचे सर स्वतः यंत्राला हात लावायला घाबरत. रेणुकानं कंपनीच्या इंजिनिअरसमोर दोन दिवस बसून शिकून घेतलं: द्रावणातली हवा काढणं, कॉलम धुणं, दाब अचानक चढला तर कुठे अडलंय ते शोधणं, रेघ सरळ येईपर्यंत नमुना न घालणं. तीन महिन्यांत इतर विभागांचे विद्यार्थी आपले नमुने घेऊन तिच्याकडे येऊ लागले. ते तिचं काम नव्हतं. सरांनी दोनदा हटकलंही.

पीएच.डी.चं काय झालं? ती प्रवेश परीक्षा पास झाली. मग कळलं की सरांकडे जागाच नाही. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. सर सहयोगी, सहाच्या सहा जागा भरलेल्या, पहिला विद्यार्थी सुटायला दीड वर्ष. मुलाखतीच्या दिवशी एका वाक्यात विचारता आलं असतं.

पाच महिने

मार्च २०२३ मध्ये मुदतवाढीचा आदेश मिळाला, एक दिवसाचा खंड देऊन. एप्रिलचा पगार आला नाही. मेचा आला नाही.

कारण समजून घ्यायला मी स्वतः सरांना फोन केला. माणूस सरळ, काही लपवलं नाही. प्रकल्पाचा पुढच्या वर्षाचा हप्ता यायचा तर आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, आणि खर्चाचा ताळेबंद जावा लागतो. एका उपकरणाच्या खरेदीचं बिल लेखा विभागात शंकेसाठी अडकलं होतं, म्हणून प्रमाणपत्र सही होऊन निघत नव्हतं. त्यात एप्रिल २०२२ पासून केंद्रानं आपल्या योजनांचे पैसे सोडायची पद्धतच बदललेली. जुन्या खात्यातली शिल्लक परत करा, नव्या पद्धतीचं खातं काढा, मग निधी. सर म्हणाले, "पैसे बुडणार नाहीत. पण कधी येतील ते मला विचारू नका."

खोली आणि मेस मिळून साडेनऊ हजार. सांगोल्याच्या फेऱ्यांचा खर्च ती आधी खिशातून करी आणि बिल लावी. ती बिलंही अडकली. जूनमध्ये आईनं बचत गटातून वीस हजार उचलले. सरांनी एकदा स्वतःचे दहा हजार दिले आणि रेणुकानं ते लिहून घेतले. पूर्व भागात मात्र बातमी तीच होती, विद्यापीठात लागलीय. भावाच्या फीसाठी एका नातेवाइकानं तिच्याकडेच उसने मागितले.

ऑगस्टमध्ये ती रविवारी आली. सोडू का?

आम्ही तीन बाजू मांडल्या. आत्ता सोडलं तर थकबाकी मिळेल, पण पाठपुरावा करायला तिथे कुणी नसेल, आणि गेलेल्या माणसाची फाईल तळाशी जाते हे मी शपथेवर सांगतो. दुसरं, प्रकल्पातून निघणाऱ्या शोधनिबंधात तिचं नाव अजून नक्की नव्हतं. तिसरं, पावसाळ्याचे नमुने हातचे गेले असते. मी थांब म्हणालो. मामा म्हणाले, "बिनपगारी कामाला आमच्यात वेठ म्हणतात." दोघांचंही बरोबर होतं. ती थांबली, पण एक अट घालून: दर महिन्याच्या एक तारखेला सरांना आणि लेखा विभागाला लेखी स्मरणपत्र, आवक क्रमांक घेऊन. ही अट तिची. मला सुचली नव्हती.

सप्टेंबरच्या मध्याला पाच महिन्यांचे १,४७,५०० एकदम जमा झाले. बचत गट फिटला, सरांचे दहा हजार फिटले. त्या संध्याकाळी फोनवर ती आनंदी नव्हती. तिनं मंजुरीपत्राची प्रत मागून घेतली होती, स्मरणपत्रांच्या निमित्तानं. "काका, मार्चमध्ये संपतंय."

दुसरा निर्णय

डिसेंबर २०२३ मध्ये सोलापुरातल्याच एका शैक्षणिक संस्थेच्या उपकरण केंद्रासाठी तांत्रिक सहायक हवा अशी जाहिरात आली. अर्हता बी.एस्सी., एचपीएलसीचा अनुभव असल्यास प्राधान्य. एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांचा करार, २२,०००.

घरात वादळ. मामा माझ्यावरच घसरले. "एम.एस्सी. करून बाटल्या धुवायच्या? असोसिएटची असिस्टंट झाली!" पदनामाचा प्रश्न खोटा नव्हता. बी.एस्सी.च्या जागेवर जाणं म्हणजे आपण आपली किंमत कमी करून घेणं, असं रेणुकालाही वाटत होतं. सरांनी सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवू म्हटलं होतं. पण ती मुदतवाढ जादा निधीशिवायची. म्हणजे वेळ वाढतो, पैसे वाढत नाहीत, आणि पगाराच्या शीर्षात, म्हणजे पगारासाठी ठेवलेल्या रकमेत, शिल्लक नसेल तर माणूस ठेवता येत नाही. यावेळी मी संदर्भ, शीर्ष, शिल्लक सगळं विचारलं. शिल्लक दीड महिन्याची होती.

मग आकडे. इकडे २९,५०० मधून खोली, मेस आणि घरी येण्याजाण्याचा खर्च जाऊन हातात अठरा हजारांच्या आसपास उरत. तिकडे २२,००० मधून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० कापून २०,२०० आणि राहायला घर. व्यवसाय कर नाही, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. कर्मचारी राज्य विमा मात्र नाही. त्याची मर्यादा २१,०००, आणि पगार हजारानं वर. एजन्सीनं आकडा तिथे मुद्दाम ठेवला की सहज पडला ते देव जाणे.

आणखी एक गोष्ट तोलली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमध्ये कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा तक्ता आहे. त्यात अध्यापनाच्या एका वर्षाला दोन गुण आणि एका शोधनिबंधाला दोन गुण. प्रकल्पातल्या नोकरीचा त्यात वेगळा रकानाच नाही. म्हणजे त्या दीड वर्षातून तक्त्याला दिसणारी गोष्ट एकच, तो निबंध. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी. अनिवार्य राहिली नाही, नेट किंवा सेट पुरते. म्हणजे सेट जितकी लवकर तितकं बरं, आणि अभ्यासासाठी घर बरं.

तिनं १ जानेवारीला महिन्याची सूचना दिली. जाण्याआधी तीन कागद हातात घेतले: अनुभव प्रमाणपत्र, ज्यात एचपीएलसीचा स्पष्ट उल्लेख आहे; थकबाकी नसल्याचा दाखला; आणि निबंधाच्या मसुद्याच्या पहिल्या पानाची सरांनी सही केलेली प्रत, नाव तिसऱ्या क्रमांकावर. दुसरा क्रमांक मिळायला हवा होता असं माझं मत. ती म्हणाली, उशिरा विचारलं.

१ फेब्रुवारी २०२४ पासून ती सोलापुरात.

काय वेगळं करता आलं असतं

मुलाखतीच्या दिवशी विचारायचे प्रश्न आता मी येणाऱ्या प्रत्येकाला लिहून देतो. प्रकल्प मंजूर कधी झाला? आधी या जागेवर कोण होतं, का गेलं? गेल्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलंय का? सरांकडे पीएच.डी.ची जागा आहे का? निबंधात नाव येतं का? पोरं म्हणतात, असं विचारलं तर निवड होणार नाही. होऊ शकतं. पण निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी, फोनवर विचारायला काय हरकत आहे? रेणुकाला तेव्हा आठ दिवस मिळाले होते. ते आठ दिवस आम्ही खोली शोधण्यात घालवले.

अठरा महिने आधी कळले असते तर तिनं ही नोकरी नाकारली असती का? मी तिला विचारलं. ती म्हणाली नाही, पण पहिल्या महिन्यापासून गेटचा फॉर्म भरला असता आणि पीएच.डी.साठी सोलापुरातल्या मार्गदर्शकांकडे आधी गेले असते. मला हे उत्तर पटतं. नोकरी वाईट नव्हती, ती किती लांब आहे याची कल्पना चुकीची होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी थांब म्हणालो त्याबद्दल मात्र माझं मन अजून ठरलेलं नाही. पैसे आले म्हणून सल्ला बरोबर ठरला. ते डिसेंबरात आले असते तर? बचत गटाचं व्याज आईच्या बिड्यांतून गेलं असतं. ज्याच्या पदरी सहा महिन्यांचा खर्च नाही त्यानं अशा पदावर दुसऱ्या गावी जाऊ नये, असं मी आता सरळ सांगतो. मामा म्हणतात, मग आमच्या गल्लीतून कुणी जाऊच नये की. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

चिंचोळीच्या कंपनीचंही राहिलं. एचपीएलसीचा हात औषधकंपनीतही तितकाच चालतो, कदाचित जास्त. तो दरवाजा बंद करताना आम्ही त्याला 'विद्यापीठ नाही' एवढंच पाहिलं.

आज

२०२४ च्या एप्रिलमधली सेट हुकली. २०२५ मधलीही. निबंध छापून आला. पीएच.डी.ची अर्धवेळ नोंदणी झाली, पण त्यालाही एक वळसा पडला. अर्धवेळ नोंदणीला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तिचा मालक कोण, एजन्सी की संस्था? एजन्सीनं तासाभरात आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं. विद्यापीठानं संस्थेचं मागितलं. संस्था म्हणाली, ही आमची कर्मचारी नाही. शेवटी संस्थेनं 'आमच्या केंद्रात कार्यरत असून केंद्राची हरकत नाही' असं गोल वाक्य लिहिलं आणि ते चाललं. दोन महिने गेले.

उपकरण केंद्रात बाहेरच्या कंपन्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. तिचं बरंच काम तेच. मामा आता पाहुण्यांना "मशीन तीच चालवते" असं सांगतात. पदनाम सांगत नाहीत.

एजन्सीचा ठेका या जानेवारीत संपतोय. नवा ठेकेदार आला तर जुनी माणसं तीच राहतात का, आणि पगार तोच राहतो का, हे केंद्रात कुणालाच नक्की माहीत नाही. गेल्या रविवारी रेणुका आली होती. तिनं नव्या निविदेच्या मसुद्याची प्रत मागितली आहे, लेखी, आवक क्रमांकासह.